एचआयव्ही आणि दृष्टी : ‘सहा बाय सहा’चा दिलासा किती खरा?

- विशेष प्रतिनिधी

एआरटी केंद्रात नव्याने नोंद झालेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, ‘‘नीट दिसते ना?’’ रुग्ण होकारार्थी मान हलवतो. शंका आलीच तर त्याला नेत्रविभागात पाठवले जाते. तेथे तो सहा मीटर अंतरावरच्या तक्त्यावरील तळाची बारीक अक्षरे न अडखळता वाचून दाखवतो आणि केसपेपरवर ‘६/६’ असा शेरा पडतो. रुग्ण निर्धास्त होतो आणि डॉक्टरही. नेमक्या त्याच वेळी त्याच्या एका डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अक्षरे वाचण्याशी संबंध नसलेल्या एखाद्या कोपऱ्यात, एक विषाणू पेशी नष्ट करीत पुढे सरकत असण्याची शक्यता असते. आणखी काही आठवड्यांनी हा रुग्ण परत येतो, तेव्हा तो डोळा बहुधा हातचा गेलेला असतो.

या विषाणूचे नाव सायटोमेगॅलो व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. त्याच्यामुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या संसर्गाला सीएमव्ही रेटिनायटिस म्हणतात. एड्सच्या रुग्णांना अंधत्व आणणाऱ्या संधिसाधू आजारांमध्ये त्याचा क्रमांक फार वरचा आहे. तो वेळेत ओळखता येतो आणि आटोक्यातही आणता येतो. प्रश्न ओळखण्याचा आहे. साध्या दृष्टितपासणीवर त्यासाठी कितपत विसंबावे, हा वाद गेली तीन दशके चालू आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची देशातील सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे आणि त्यामुळे या वादाचे उत्तर येथल्या आरोग्ययंत्रणेला टाळता येण्यासारखे नाही.

न दुखणारा आजार

डोळ्यांचा संसर्ग म्हटले की सामान्य माणसाच्या मनात ‘डोळे येणे’ उभे राहते. लाल झालेले डोळे, चिकट पापण्या, टोचणे, पाणी वाहणे ही त्याची ओळखीची लक्षणे. सीएमव्हीच्या संसर्गात यातले काहीच नसते. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो. पडद्याला वेदनेची जाणीव नसल्याने तो दुखत नाही. रुग्णाला तक्रार करण्यासारखे काही जाणवलेच तर ते डोळ्यांपुढे तरंगणारे काळे ठिपके, अधूनमधून चमकणारा प्रकाश किंवा एका बाजूला आलेली धूसरता एवढेच असते. अनेकांना तेही जाणवत नाही.

सीएमव्ही हा दुर्मिळ विषाणू नाही. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासूनच दडलेला असतो. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत तो उपद्रव देत नाही. रक्तातील सीडी ४ पेशींची संख्या निरोगी प्रौढात सामान्यतः पाचशेच्या वर असते. एचआयव्हीमुळे ती शंभराच्या, विशेषतः पन्नासच्या खाली गेली की हा विषाणू डोके वर काढतो आणि पडद्यावर पोहोचतो. तेथे पांढुरके चट्टे पडतात, मध्ये रक्तस्रावाचे लाल डाग दिसतात. वणवा जसा कडेकडेने पसरत जातो आणि मागे जळालेली जमीन सोडतो, तसा हा चट्टा पुढे सरकतो. मागे राहिलेला पडदा पातळ आणि निर्जीव होतो, पुष्कळदा फाटून सुटतो. नष्ट झालेला भाग कोणत्याही औषधाने परत येत नाही. उपचार न झाल्यास काही महिन्यांत डोळा अंध होतो. उपचारांचे यश म्हणजे शिल्लक राहिलेली दृष्टी वाचवणे, एवढाच त्याचा मर्यादित अर्थ आहे. म्हणूनच निदान किती लवकर होते यावर सारे अवलंबून राहते.

तक्ता नेमके काय मोजतो?

अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. दीडशेहून अधिक वर्षांत त्याला तोड निघालेली नाही, कारण तो स्वस्त आहे, सोपा आहे आणि चष्म्याचा नंबर काढण्यास पुरेसा आहे. जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेत्रचिकित्सा अधिकारी त्याच्या आधारे रोज तपासणी करतात. मोतीबिंदूच्या शिबिरांचा तर तो कणाच आहे.

परंतु हा तक्ता पडद्याच्या मधोमध असलेल्या एका लहानशा ठिपक्याचीच परीक्षा घेतो. बारीक अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे हा मध्यबिंदू करतो. भोवतालचा विस्तीर्ण पडदा चालताना बाजूने येणारी सायकल, पायाखालची पायरी, दाराची चौकट टिपत असतो. सीएमव्हीचा चट्टा या भोवतालच्या भागात पडला, तर मध्यबिंदू सुरक्षित असेपर्यंत तक्त्यावरचा निकाल ‘६/६’च येतो. तो निकाल खोटा नसतो, परंतु तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

रुग्णाची फसगत होण्याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे हा आजार पुष्कळदा एकाच डोळ्यात सुरू होतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. दुसरे कारण मेंदूच्या सवयीत आहे. दृष्टिक्षेत्रात एखादी जागा रिकामी पडली तर मेंदू तेथे काळा डाग दाखवत नाही. आजूबाजूचे दृश्य ओढून तो ती जागा भरून टाकतो. प्रत्येक निरोगी डोळ्यातही असा एक अंध बिंदू असतो, पण तो आयुष्यभर कुणाला जाणवत नाही. ‘मला सगळे दिसते’ असे म्हणणारा रुग्ण प्रामाणिकच असतो, मात्र आपल्याला काय दिसत नाही हे त्याला ठाऊक नसते.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. तक्ता वाचता न येण्याचे कारण दर वेळी सीएमव्हीच असते असे नाही. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, मेंदूज्वरामुळे आलेला दाब, क्षयरोगाचा संसर्ग, काही औषधांचे दुष्परिणाम, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. क्षयरोगावरील एथॅमब्यूटॉल हे औषधही दृष्टीच्या नसेवर परिणाम करू शकते आणि एचआयव्हीच्या पुष्कळ रुग्णांना ते घ्यावे लागते. म्हणजे तक्ता ज्यांना अडवायला हवे त्यांना सोडून देतो आणि इतर अनेकांना अडवतो.

पडद्यावरच्या ‘मुंग्या’

तक्ता पुरेसा नसेल, तर रुग्णाच्याच डोळ्याकडून पडद्याच्या कडेची माहिती काढून घेता येईल का? या प्रश्नाचे एक कल्पक उत्तर १९९० च्या दशकात अमेरिकेत शोधले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील विल्यम फ्रीमन, डॅनियल प्लमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वापरलेले साधन मराठी घरांना अगदी परिचयाचे आहे. दूरदर्शनच्या जमान्यात वाऱ्याने अँटेना हलला की टीव्हीच्या पडद्यावर ‘मुंग्या’ येत असत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची तीच लुकलुक संगणकाच्या पडद्यावर निर्माण करण्यात आली. रुग्णाने एक डोळा झाकून मधल्या बिंदूवर नजर स्थिर ठेवायची आणि मुंग्या सगळीकडे सारख्याच हलताना दिसतात का, ते सांगायचे. पडद्याचा जो भाग निकामी झालेला असतो त्या जागी हालचाल थांबलेली, करडी किंवा कोरी दिसते. रुग्णाने त्या जागेची कड पडद्यावर दाखवायची, एवढीच ही चाचणी.

मूळ कल्पना जर्मनीतील ट्युबिंगेन येथील नेत्रतज्ज्ञ एल्फ्रीड आउलहॉर्न यांची. १९८० च्या दशकात त्यांनी दृष्टिक्षेत्रातील उणिवा शोधण्यासाठी ती मांडली होती. सॅन डिएगोच्या गटाने ती एचआयव्हीच्या रुग्णांकडे वळवली. रुग्णांनी दाखवलेल्या कोऱ्या जागा डोळ्याच्या आतल्या छायाचित्रांतील चट्ट्यांशी ताडून पाहण्यात आल्या. १९९९ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या निबंधाने चाळणी चाचणी म्हणून या पद्धतीची उपयुक्तता आशादायक असल्याचा निर्वाळा दिला. एरवी ज्या मेंदूच्या सवयीमुळे रुग्ण फसतो, तिच्यावर ही चाचणी मात करते. स्थिर दृश्यातली रिकामी जागा मेंदू सहज भरून काढतो, मात्र सतत लुकलुकणाऱ्या दृश्यात हालचाल नसलेली जागा उठून दिसते.

चाचणीच्या मर्यादाही आहेत. संगणकाचा पडदा जितका रुंद, तितकेच दृष्टिक्षेत्र तपासले जाते आणि सीएमव्हीचा चट्टा त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला सुरू होऊ शकतो. काचबिंदू किंवा जुनी जखम असली तरी कोरी जागा दिसते. शिवाय चाचणी रुग्णाच्या लक्षावर विसंबून आहे. ज्याच्या पेशी पन्नासच्या खाली गेल्या आहेत, जो तापाने आणि जुलाबाने खंगलेला आहे, त्याने एका बिंदूवर नजर खिळवून सूक्ष्म फरक सांगावेत, ही अपेक्षा दर वेळी पुरी होत नाही.

संशोधन तिकडे, रुग्ण इकडे

या चाचणीचा पुढे फारसा प्रसार झाला नाही. त्याचे कारण तिच्या गुणदोषांपेक्षा काळाच्या गणितात शोधावे लागते. एचआयव्हीवरील प्रभावी त्रिऔषध उपचार १९९६ पासून पाश्चात्त्य देशांत सुरू झाले. त्यापूर्वी अमेरिकेत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी सीएमव्ही रेटिनायटिस होत असे. उपचार मिळू लागताच नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने घसरली. चाळणी चाचणी हाती आली तेव्हा, जिथे ती तयार झाली तिथली गरजच ओसरू लागली होती.

भारतातील चित्र वेगळे होते. देशात एचआयव्हीचा पहिला संसर्ग चेन्नईत १९८६ मध्ये आढळला. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी १९९५ मध्ये एड्सच्या रुग्णांतील नेत्रविकारांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली आणि पुढे सीएमव्हीचे रुग्ण देशभरातील मोठ्या नेत्ररुग्णालयांत दिसू लागले. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी देण्यास मात्र १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. म्हणजे पश्चिमेतील संशोधकांचा रस कमी होत असताना आशियातील रुग्णांचे डोळे जात होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डेव्हिड हेडन आणि ‘मेदसां सां फ्राँतिए’ या संस्थेच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये लिहिलेल्या लेखात या आजाराला एड्सच्या साथीतील दुर्लक्षित आजार म्हटले, ते याच अर्थाने.

त्यानंतर २०१३ मध्ये विकसनशील देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. आशियातील अभ्यासांत सीएमव्ही रेटिनायटिसचे सरासरी प्रमाण १४ टक्के आढळले. आफ्रिकेत ते त्या मानाने पुष्कळच कमी होते. आजार झालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांची किमान एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की एआरटीचा प्रसार होऊनही हे प्रमाण काळानुसार स्पष्टपणे घटलेले दिसत नव्हते. कारण उघड आहे. औषध उपलब्ध असले तरी फार उशिरा पोहोचणारा किंवा मध्येच उपचार सोडून देणारा रुग्ण सर्वत्र आहे आणि आजार त्यालाच गाठतो.

चुकलेल्या चौघांचा प्रश्न

कोणतीही चाळणी चाचणी ‘चांगली’ की ‘वाईट’ हे ती कोणाला लावली जाते यावर ठरते. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडता येईल. सीडी ४ शंभराच्या खाली असलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी १४ जणांच्या पडद्यावर संसर्ग आहे, असे धरू. एखादी दृष्टिचाचणी दहापैकी सात आजारी रुग्ण ओळखते आणि दहा निरोगींपैकी दोघांवर उगाच संशय घेते, असेही मानू. ही चाचणी १४ पैकी सुमारे १० जणांना पकडेल आणि ८६ निरोगींपैकी सुमारे १७ जणांना विनाकारण पुढे पाठवेल. नेत्रतज्ज्ञाला १०० ऐवजी २७ रुग्ण पाहावे लागतील. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठी बचत आहे. परंतु चार रुग्ण ‘सर्व ठीक’ असा शेरा घेऊन घरी जातील. त्यांना कुणी काही सांगितलेच नसते तर डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागताच ते कदाचित धावत आले असते. आता मात्र तपासणी झाल्याच्या भरवशावर ते थांबतील.

हाच हिशेब नियमित औषध घेणाऱ्या, प्रतिकारशक्ती सावरलेल्या हजार रुग्णांना लावून पाहावा. त्यांच्यात आजार असलेला एखादाच असेल, मात्र तीच चाचणी सुमारे २०० जणांना नेत्रविभागाच्या रांगेत उभे करील. एवढ्या गर्दीत तो एक रुग्णही हरवण्याचीच शक्यता अधिक.

या दोन्ही उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो. पहिली चाळणी डोळ्यांची नव्हे, रक्ताची असायला हवी. सीडी ४ शंभराच्या खाली असलेला प्रत्येक रुग्ण, त्याला कितीही चांगले दिसत असले तरी, थेट पडद्याच्या तपासणीसाठी जायला हवा. दृष्टिचाचणीचे खरे स्थान त्यानंतरचे आहे. दोन भेटींच्या मध्ये लक्ष ठेवण्यासाठी, उपचार चालू असताना चट्टा पसरतो आहे का हे पाहण्यासाठी आणि नेत्रतज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या ठिकाणी रुग्णांचा प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी ती उपयोगी आहे. दृष्टिचाचणीत दोष आढळला तर तो रुग्णाला तातडीने पुढे पाठवण्यास पुरेसा आधार मानावा. दोष आढळला नाही, तर त्यावरून डोळा निरोगी असल्याचे प्रमाणपत्र देऊ नये.

पडदा पाहायचा कुणी?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एवढे नेत्रतज्ज्ञ आणायचे कोठून? याला एक उत्तर शेजारच्या म्यानमारमध्ये मिळाले. तेथे हेडन यांच्या मार्गदर्शनाखाली एड्सवर उपचार करणाऱ्या सामान्य डॉक्टरांनाच पडदा पाहण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, डोक्याला बांधलेल्या दिव्याचा झोत आणि हातातले भिंग यांच्या साह्याने पडद्याच्या कडेपर्यंत पाहायचे. हे कौशल्य काही दिवसांच्या कार्यशाळेत शिकता येते, कारण या डॉक्टरांना सगळे नेत्रविकार नव्हे, तर एकच आजार ओळखायचा असतो. सीडी ४ शंभराच्या खाली असलेल्या तेथील नव्या रुग्णांची अशी सरसकट तपासणी झाली, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्यात संसर्ग आढळला. या डॉक्टरांनी पडदा पाहिला नसता, तर यांतील अनेकांचे निदान दृष्टी गेल्यावरच झाले असते.

दुसरा मार्ग छायाचित्रांचा. थायलंडमधील चियांग माई येथे एचआयव्हीच्या रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे दूरच्या तज्ज्ञांकडे पाठवून निदान करण्याची पद्धत पारखण्यात आली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते उत्साह वाढवणारे होते. भारतालाही हा मार्ग नवा नाही. कर्नाटकात २००८ पासून तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याची छायाचित्रे टिपतात आणि बंगळूरचे तज्ज्ञ त्यावरून निदान करतात. मधुमेही रुग्णांच्या तपासणीसाठी भारतीय बनावटीचे, मोबाइल फोनला जोडता येणारे कॅमेरेही आता मिळतात. छायाचित्रांतील दोष संगणकाने स्वतःच हेरण्याचे प्रयोगही चालू आहेत. मात्र मधुमेहासाठी बनवलेले बहुतेक कॅमेरे पडद्याचा मधला भागच टिपतात. सीएमव्हीसाठी कडेची छायाचित्रे स्वतंत्रपणे घ्यावी लागतील. ती घेतली नाहीत, तर अक्षरतक्त्याची उणीव तेवढी नव्या यंत्रात उतरेल.

प्रशिक्षणाशिवाय यंत्रही अपुरे पडते. एचआयव्हीच्या रुग्णांच्या पडद्यावर कापसाच्या बोळ्यासारखे लहान पांढरे ठिपके पुष्कळदा दिसतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे येतात आणि आपोआप जातात. त्यांना सीएमव्ही समजले तर रुग्णाला विनाकारण महागडे औषध चालू होईल आणि सीएमव्हीच्या चट्ट्याला ‘साधे ठिपके’ समजले तर डोळा जाईल.

औषध आहे, पण वेळेत हवे

निदानाचा आग्रह धरायचा तर उपचार आवाक्यात असायला हवेत. सीएमव्हीवर गॅन्सिक्लोव्हिर हे औषध अमेरिकेत १९८९ मध्ये मान्य झाले. ते शिरेतून रोज किंवा थेट डोळ्यात ठरावीक दिवसांनी टोचावे लागते. डोळ्यात दिलेले इंजेक्शन स्वस्त आणि परिणामकारक असले तरी ते त्या डोळ्यापुरतेच काम करते. दुसरा डोळा आणि शरीरातील अन्य अवयव उघडेच राहतात. तोंडाने घेण्याची व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही गोळी २००१ मध्ये आली आणि उपचार सोपे झाले, मात्र किंमत भारतीय रुग्णाच्या कल्पनेपलीकडची होती.

या गोळीचे पेटंट रॉश या स्विस कंपनीला चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००७ मध्ये दिले. रुग्णसंघटना आणि भारतीय औषध कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि २०१० मध्ये ते रद्द झाले. मुंबईच्या सिप्ला कंपनीने त्याआधीच आपली गोळी बाजारात आणली होती. २०१३ मध्ये मेडिसिन्स पेटंट पूलशी झालेल्या करारानुसार रॉशने १३८ देशांसाठी किंमत ९० टक्क्यांपर्यंत उतरवली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सीएमव्ही रेटिनायटिससाठी या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. औषधाची लढाई अशी बरीचशी जिंकली गेली. निदानाच्या बाजूने मात्र तसा जोर कधी लागला नाही. याच संघटनेने २०१७ मध्ये बळावलेल्या एचआयव्हीच्या रुग्णांसाठी तपासण्या आणि उपचारांचा जो संच सुचवला, त्यात क्षयरोग आणि मेंदूज्वराच्या तपासण्यांना स्थान होते, पडद्याच्या तपासणीला नव्हते.

महाराष्ट्रापुढचे काम

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतील बहुसंख्यांना सीएमव्हीचा धोका नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. नियमित औषध घेणाऱ्याने या बातमीने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो उशिरा निदान झालेल्या आणि औषध सोडून दिलेल्या रुग्णांना. ऊसतोडणीसाठी सहा महिने गाव सोडणारा मजूर, बांधकामावर शहरे बदलणारा कामगार, नवरा गेल्यावर सासरहून बाहेर पडलेली विधवा, यांच्या हातून गोळ्या सुटतात. ते परत येतात तेव्हा त्यांच्या पेशी किती उरल्या आहेत, हाच पहिला प्रश्न असायला हवा.

येथे धोरणातील एक बदल अनवधानाने अडचणीचा ठरतो. भारतात २०१७ पासून संसर्ग आढळताच, सीडी ४ कितीही असले तरी, उपचार सुरू केले जातात. हा निर्णय योग्यच आहे आणि त्यामुळे असंख्य जीव वाचतात. परंतु उपचार सुरू करण्यासाठी आता सीडी ४ चा आकडा लागत नाही आणि पुढचे लक्ष रक्तातील विषाणूंच्या मोजणीवर ठेवले जाते. त्यामुळे सीडी ४ तपासणीचे महत्त्व जगभरच कमी लेखले जाऊ लागले. पेशींचा आकडा वेळेत हाती आला नाही, तर कोणाचा पडदा पाहायचा हेच कळत नाही. आणखी एक गुंतागुंत आहे. पडद्यावर संसर्ग दडलेला असताना एआरटी सुरू झाली, तर प्रतिकारशक्ती सावरताना डोळ्यात तीव्र दाह होऊ शकतो. म्हणून एआरटी आणि डोळ्याचे उपचार यांचा क्रम डॉक्टरांना ठरवावा लागतो. त्यासाठी डोळा आधी पाहिलेला असणे आवश्यक आहे.

राज्याला यासाठी नवी इमारत उभारावी लागणार नाही. एआरटी केंद्रे आणि नेत्रविभाग वैद्यकीय महाविद्यालयांत व जिल्हा रुग्णालयांत बहुधा एकाच आवारात असतात. नोंदणीच्या दिवशी सीडी ४, ते शंभराच्या खाली असल्यास त्याच आठवड्यात थेंब टाकून पडद्याची तपासणी आणि प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत तिची ठरावीक काळाने पुनरावृत्ती, एवढा क्रम लेखी आदेशाने लागू करता येईल. जिल्ह्यातील एकेका एआरटी डॉक्टरला पडदा पाहण्याचे प्रशिक्षण देता येईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ या काळासाठी आखण्यात आला होता. त्यापुढच्या नियोजनात या खर्चासाठी वेगळी तरतूद केली, तर ती एकूण खर्चाच्या मानाने किरकोळच ठरेल.

रुग्णाच्या बाजूनेही काही अडथळे आहेत. डोळे तपासायला जाताना आपला एचआयव्ही उघड होईल, या भीतीने अनेक जण बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढून समाधान मानतात. २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करण्यासही. या हक्काची जाणीव रुग्णाला एआरटी केंद्रातील समुपदेशकानेच करून द्यायला हवी. त्याच वेळी एक साधी सवयही शिकवता येईल. आठवड्यातून एकदा एक डोळा तळहाताने झाकून समोरच्या दाराच्या मधोमध पाहायचे, चारही कोपरे दिसतात का ते न्याहाळायचे आणि मग दुसऱ्या डोळ्याने तेच करायचे. एखादा कोपरा धूसर वाटला, नवे काळे ठिपके तरंगू लागले किंवा प्रकाश चमकल्यासारखा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मात्र चारही कोपरे दिसले म्हणून पडद्याची तपासणी टाळायची नाही, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

एचआयव्हीचा रुग्ण आता औषधांच्या बळावर दीर्घायुष्य जगू शकतो. त्यामुळेच त्याच्या डोळ्यांचा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. पूर्वी अंधत्व आणि मृत्यू यांच्यात फारसे अंतर नसे. आज तिशीत दृष्टी गमावलेल्या रुग्णापुढे आणखी तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य असू शकते. ते कोणाच्या आधाराने काढायचे, हा प्रश्न त्याच्या कुटुंबापुढे उरतो. अक्षरांचा तक्ता भिंतीवरून काढण्याचे कारण नाही. तक्त्यावरचा शेरा लिहून केसपेपर मिटण्यापूर्वी रुग्णाचे सीडी ४ किती, एवढी चौकशी मात्र प्रत्येक नेत्रविभागात व्हायला हवी.